नियम मागून येतो



नारायण मेघाजी लोखंडे यांच्या स्मरणार्थ बोलायचे आणि विषय कामाच्या जागेवरील सुरक्षिततेचा घ्यायचा, यात औचित्य शोधत बसावे लागत नाही. 1884 साली मुंबईत कारखाना आयोगाचे काम चालू असताना लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे 5,500 कामगारांच्या वतीने आयोगापुढे निवेदन ठेवले. रविवारची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, ठरलेल्या तारखेच्या आत पगार या त्यातल्या मागण्या बहुतेकांना ठाऊक असतात. त्याच निवेदनातल्या एका मागणीचा उल्लेख मात्र कमी होतो. काम करताना जखमी झालेल्या कामगाराला तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो कायमचा जायबंदी झाला तर त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी, अशी ती मागणी होती. नुकसानभरपाईचा कायदा आपल्याकडे आला 1923 साली. मधल्या 39 वर्षांत गिरण्यांतले पट्टे आणि दंतचक्रे फिरतच होती, बोटे आणि हात जातच होते. हे कामगारांना ठाऊक होते, जॉबरला म्हणजे मुकादमाला ठाऊक होते, मालकालाही ठाऊक होते. कायद्याला ते कळायला दीड पिढी लागली.

या 39 वर्षांत मला आजच्या विषयाचे सूत्र दिसते. धोका आधी असतो; तो सर्वांत आधी यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाला कळतो; आणि नियम मागून येतो. म्हणून सुरक्षिततेचे कायदे बदलत असताना मालकांनी कशी तयारी करावी, या प्रश्नाचे उत्तर मी कायद्याच्या पुस्तकापासून सुरू करणार नाही. जो मालक नियमांच्या मागे धावतो तो कायम मागेच राहतो, कारण नियम स्वतःच उशिरा आलेला असतो. ज्याने आपल्या कारखान्यातला धोका ओळखून, लिहून, कमी करत आणला आहे, त्याला नवा नियम क्वचितच अडचणीत आणतो. त्याच्याकडे बदलायचे असतात ते फॉर्म आणि रजिस्टर. आजचे माझे म्हणणे एवढेच आहे. ते सिद्ध करण्यासाठी काही पुरावा मांडतो आणि त्यावर घेतल्या जाणाऱ्या हरकतींचाही विचार करतो.

प्रथम, बदलले काय ते पाहू. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीविषयीची 2020 ची संहिता आपल्या विषयाची. 1948 चा कारखाना कायदा, 1952 चा खाण कायदा, 1970 चा कंत्राटी कामगार कायदा, गोदी कामगारांचा, बांधकाम मजुरांचा, विडी कामगारांचा, मळ्यांतल्या मजुरांचा, असे एकूण 13 कायदे तिने आपल्यात सामावून घेतले. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक झाले. ठरावीक वयाच्या किंवा वर्गाच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी मालकाच्या खर्चाने करायची आहे. सुरक्षा अधिकारी नेमण्यासाठी पूर्वी 1,000 कामगारांची अट होती. ती आता 500 वर आली आणि धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात 250 वर. स्त्रियांना त्यांच्या संमतीने आणि सुरक्षिततेच्या अटी पाळून संध्याकाळी सातनंतर व सकाळी सहापूर्वी काम देता येते. कर्तव्यात कसूर झाल्यामुळे कामगाराचा मृत्यू झाल्यास 2 वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान 5 लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि या दंडाची किमान निम्मी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. जुन्या कायद्यात मृत्यूच्या प्रकरणी किमान दंड 25,000 रुपये होता, हे लक्षात घेतले म्हणजे फरक कळतो. बॉयलरच्या बाबतीतही 1923 चा कायदा जाऊन 2025 चा आला. थोडक्यात, साखर कारखान्यापासून वर्तमानपत्राच्या छापखान्यापर्यंत सर्वांनाच आपली कागदपत्रे नव्याने लावायची आहेत.

या यादीत एक बदल उलट्या दिशेचा आहे. त्याच्याकडे नीट पाहिले पाहिजे. 1881 चा पहिला कारखाना कायदा 100 किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या कारखान्यांनाच लागू होता. 1891 साली ही मर्यादा 50 वर आली, 1922 साली 20 वर आणि 1948 साली, यंत्रशक्ती वापरणाऱ्या कारखान्यांसाठी, 10 वर. सुमारे पाऊण शतक कायद्याचे छत लहान कारखान्यांकडे सरकत राहिले. नव्या संहितेत कारखान्याची व्याख्या यंत्रशक्ती असेल तर 20 कामगारांपासून आणि नसेल तर 40 पासून सुरू होते. म्हणजे यंत्रशक्तीवर चालणारे 14-15 कामगारांचे वर्कशॉप 1948 च्या मूळ कायद्याने कारखाना होते. आज ते फक्त आस्थापना आहे. 10 किंवा त्याहून अधिक कामगारांच्या आस्थापनांना संहितेची सर्वसाधारण कर्तव्ये लागू राहतात, पण कारखान्यांसाठीच्या खास तरतुदींतून असे वर्कशॉप बाहेर पडते. अशा मालकाला सल्लागार सांगणार, 'साहेब, तुम्ही सुटलात.' हा सल्ला कायद्याने बरोबर असेल, पण पॉवर प्रेसला कामगारांची संख्या मोजता येत नाही. हजेरीपटावर 15 नावे असोत की 150, साच्याखाली आलेल्या बोटांचे तेच होते. नियम धोक्यापेक्षा मागे असतो, एवढेच नव्हे, तर तो कधी कधी मागेही सरकतो, याचा हा पुरावा. तयारी नियमाच्या मापाने करणारा मालक नियम सरकला की स्वतःही सरकेल, आणि अपघात त्याला जुन्या जागीच गाठेल.

पॉवर प्रेसचे उदाहरण मी सहज घेतलेले नाही. मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत बोटे गमावणाऱ्या कामगारांविषयी 'सेफ इन इंडिया' ही संस्था 2019 पासून 'क्रश्ड' या नावाने अहवाल काढते. हरियाणातल्या गुडगाव-मानेसर पट्ट्यापासून सुरू झालेले हे काम पुढे महाराष्ट्रापर्यंत आले. त्यात पुन्हा पुन्हा दिसणारे चित्र असे: जखमी होणाऱ्यांत मोठा वाटा पॉवर प्रेसवरच्या कामगारांचा, त्यांतले बरेचसे कंत्राटी आणि परप्रांतातून आलेले, प्रेसवर सेन्सर नाही किंवा असला तरी बंद, आणि अनेकांचे ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा योजनेचे) कार्ड अपघात झाल्यानंतर निघालेले. यांतली एकही गोष्ट कायद्यातल्या पोकळीमुळे घडलेली नाही. यंत्राच्या धोकादायक भागाला कुंपण घालण्याची तरतूद 1881 च्या कायद्यातही होती आणि 1948 च्या कायद्याच्या 21 व्या कलमात ती सविस्तर होती. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये, ही सोय तर तंत्रज्ञानाच्या दृष्टीने जुनीच. नियम होता, उपाय होता, बोटे तरीही गेली. तेव्हा नवा नियम आला की सारे ठीक होईल, ही आशा सरकारने धरली तर एक वेळ समजू शकते. मालकाला ती परवडत नाही.

कागद आणि धोका यांच्यातले अंतर किती भीषण होऊ शकते, हे भोपाळने दाखवले. 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री तिथल्या कारखान्यातल्या मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले आणि वायू शहरावर पसरला. त्या टाकीत सुमारे 40 टन रसायन होते. ते थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिन्यांपासून बंद होती. वायू जाळून टाकणाऱ्या फ्लेअर टॉवरची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. वायू धुऊन काढणारा स्क्रबर एवढ्या लोंढ्यासाठी पुरेसा नव्हता. 1981 च्या डिसेंबरमध्ये याच कारखान्यात फॉस्जीनमुळे एक कामगार दगावला होता. 1982 मध्ये मूळ कंपनीच्याच तज्ज्ञांनी पाहणी करून उणिवा लिहून दिल्या होत्या. पत्रकार राजकुमार केसवानी त्याच वर्षापासून शहराला इशारे देत होते. धोका कळलेला होता, नोंदलाही गेला होता. कायदा बदलला तो नंतर: 1986 साली पर्यावरण संरक्षण कायदा आला, 1987 साली कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण घातले गेले, 1989 साली घातक रसायनांचे नियम झाले. 1984 साली ज्या कारखान्यात शीतयंत्र चालू असते आणि फ्लेअर टॉवर जोडलेला असतो, त्या कारखान्याला 1987 ची दुरुस्ती जड गेली असती का? काही नोंदी वाढल्या असत्या, एक समिती नेमावी लागली असती. नियमाआधी तयार असणे म्हणतात ते हे.

आता हरकतींकडे वळतो. पहिली हरकत अशी की, संहिता लागू झाली असली तरी तिच्याखालचे नियम आणि मानके टप्प्याटप्प्याने ठरणार. केंद्राचे वेगळे, राज्याचे वेगळे. चित्र स्पष्ट होईपर्यंत खर्च का करायचा? ही हरकत वाजवी वाटते, कारण अर्धवट माहितीवर केलेला खर्च वाया गेल्याची उदाहरणे उद्योगांत असतात. पण अनिश्चित काय आणि निश्चित काय, याची वाटणी केली की हरकतीतला बराच जोर जातो. फॉर्मचा नमुना, रजिस्टरचे रकाने, पोर्टलवरची नोंदणी, तपासणीचा तपशील हे नियमांनी ठरते. मूळ कर्तव्य संहितेच्या 6 व्या कलमातच आहे. इजा किंवा व्यवसायजन्य रोग होईल अशा धोक्यांपासून कामाची जागा मुक्त ठेवा, आणि वाजवीरीत्या शक्य असेल तेथवर सुरक्षित वातावरण राखा, असे ते सांगते. हे तत्त्व 1987 च्या दुरुस्तीने कारखान्यांपुरते आलेच होते. संहितेने त्याची व्याप्ती वाढवली. शिवाय नव्या तरतुदींशी विसंगत नसलेले जुने नियम तोवर चालू राहतात. म्हणून थांबायचे असेल तर स्टेशनरी छापून घ्यायला थांबावे. उघड्या शाफ्टला जाळी बसवायला कोणत्या राजपत्राची वाट पाहायची?

दुसरी हरकत अधिक खोल आहे आणि ती उद्योगांच्या व्यासपीठांवरून नेहमी ऐकू येते. इन्स्पेक्टर राजने उद्योगांचे नुकसान केले; मालकाला स्वतःची जबाबदारी स्वतः घेऊ द्या. संहितेचा कलही काहीसा तसाच आहे. निरीक्षकाला आता सल्ला देणारा आणि सोयी करून देणारा अधिकारी केले आहे. कोणाची तपासणी व्हायची ते संगणक ठरवणार, काही ठिकाणी बाहेरच्या तज्ज्ञाकडून लेखापरीक्षण चालणार. या विचाराचा उगम ब्रिटनमध्ये लॉर्ड रॉबेन्स यांच्या समितीच्या 1972 च्या अहवालात आहे. कायदे फार झाले, तपशील फार झाला, त्यामुळे लोक बेफिकीर झाले. धोका जो निर्माण करतो आणि जो त्याच्याजवळ काम करतो, त्यांनीच तो आवरला पाहिजे, असे त्या समितीचे म्हणणे. त्यातून 1974 चा ब्रिटिश कायदा आला. त्या वर्षी ब्रिटनमध्ये कामावर मरण पावणाऱ्या कर्मचाऱ्यांची संख्या 600 च्या वर होती. अलीकडे ती दीडशेच्या खाली असते. खाणी आणि अवजड उद्योग आटल्याचाही त्यात वाटा आहे, तरी कायद्याचे श्रेय नाकारता येणार नाही. आणि तरीही याच रॉबेन्स यांचे दुसरे पान विसरू नये. 1966 साली वेल्समधल्या अॅबरफॅन गावावर कोळशाच्या खाणीच्या कचऱ्याचा डोंगर घसरला आणि 144 माणसे मेली. त्यांतली 116 मुले होती. गावकऱ्यांनी आधी तक्रारी केल्या होत्या. चौकशीत दोष आला राष्ट्रीय कोळसा मंडळावर आणि त्या मंडळाचे अध्यक्ष होते स्वतः रॉबेन्स. स्वयंशिस्तीचा पुरस्कर्ता ज्या संस्थेच्या शिखरावर होता, त्या संस्थेलाच स्वतःचा धोका दिसला नाही. यातून स्वयंशिस्त खोटी ठरत नाही. बाहेरच्या डोळ्यांशिवाय ती टिकत नाही, एवढे मात्र ठरते. ब्रिटनने कायदा बदलताना निरीक्षकांची यंत्रणा मोडली नाही, एकत्र आणून उभी केली. आपल्याकडे निरीक्षक कमी वेळा येणार असेल, तर शहाण्या मालकाने ती उणीव स्वतः भरून काढली पाहिजे: बाहेरचा परीक्षक बोलावून, त्याचा अहवाल सुरक्षा समितीपुढे ठेवून, आणि त्यातल्या किती सूचना पूर्ण झाल्या ते तारखेनिशी लिहून. अपघातानंतर न्यायालयात 'आमच्याकडे तपासणीच झाली नाही' हा बचाव चालणार नाही, कारण कर्तव्य तपासणीवर अवलंबून ठेवलेले नाही.

बाहेरचा डोळा हवा तसा आतला डोळाही हवा, आणि तो कामगाराचा. संहितेच्या 14 व्या कलमाने कामगाराला आपल्या आरोग्याविषयी आणि सुरक्षिततेविषयी माहिती मागण्याचा हक्क दिला आहे. गंभीर इजा किंवा मृत्यू ओढवेल अशी रास्त भीती वाटली तर ती मालकाच्या आणि त्याच वेळी निरीक्षकाच्या कानावर घालण्याचाही हक्क आहे. यावर हरकत येते की याचा गैरवापर होईल. काम टाळायला, युनियनचा जोर दाखवायला कोणीही 'धोका आहे' म्हणेल. गैरवापर होणारच नाही असे मी म्हणत नाही. पण दोन्ही बाजूंची किंमत मोजून पाहा. 23 एप्रिल 2013 रोजी बांगलादेशात ढाक्याजवळच्या राणा प्लाझा इमारतीला तडे गेले. खालची बँक आणि दुकाने दुसऱ्या दिवशी बंद राहिली. वरच्या मजल्यांवरच्या कपड्यांच्या कारखान्यांतल्या कामगारांनी भीती बोलून दाखवली, तरी त्यांना आत घेतले गेले. 24 एप्रिलला इमारत कोसळली आणि 1,100 हून अधिक माणसे मेली. बँकेच्या कर्मचाऱ्यांना जी भीती मान्य झाली ती शिलाई कामगारांना नाकारली गेली. दहा वेळा खोटी तक्रार आली तर दहा तास वाया जातील. ती तक्रार दाबण्याची सवय लागली, तर अकराव्या वेळी काय होते ते ढाक्याने पाहिले आहे. म्हणून तक्रार करणाऱ्याला शिक्षा होणार नाही, हे लेखी जाहीर करणे आणि प्रत्येक तक्रारीचे काय झाले ते फलकावर लावणे, ही तयारीची सर्वांत स्वस्त पायरी आहे. थोडक्यात टळलेले अपघात याच वाटेने कळतात, आणि उद्याच्या नियमाची पहिली खबर त्यांच्यात असते.

तिसरी हरकत अशी की कामगारच ऐकत नाहीत. हेल्मेट दिले तर घालत नाहीत, हातमोजे काढून ठेवतात, सेन्सरवर चिकटपट्टी लावून प्रेस चालवतात. निरीक्षण खरे आहे, पण निष्कर्ष घाईचा. चिकटपट्टी लावल्याने तासाला जादा नग निघतात, आणि त्या जादा नगांचा हिशेब सुपरवायझरच्या टार्गेटमध्ये जातो. 42 अंश तापमानात जाड मोजे घालून बारीक नट बसवता येत नाही. म्हणजे ज्याला आपण बेशिस्त म्हणतो ती पुष्कळदा कामाच्या रचनेने दिलेली आज्ञा असते. सुरक्षाशास्त्रात उपायांचा एक क्रम मानलेला आहे: धोका मुळातून काढा, ते जमत नसेल तर कमी घातक वस्तू किंवा पद्धत वापरा, मग यंत्राला संरक्षण द्या, मग कामाची पद्धत बदला, आणि सर्वांत शेवटी कामगाराच्या अंगावर साधने चढवा. आपल्याकडे हा क्रम उलटा वापरला जातो, कारण हेल्मेट विकत घेणे सोपे आणि त्याचा फोटो निघतो. 4 मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाला घोषणांचे फलक लागतात, शपथ होते. 5 मार्चला टार्गेट तेच राहते. तयारी खरी की देखाव्याची, हे पाहायचे असेल तर एकच प्रश्न विचारावा: सुरक्षिततेमुळे उत्पादन घटले त्या दिवशी कोणाला बोलणी बसली?

चौथी बाब ठेकेदारीची. धोकादायक कामे आपल्याकडे वाटून दिली जातात. टाकी साफ करणे, उंचावर रंग देणे, शटडाऊनमध्ये वेल्डिंग करणे, ही कामे बहुधा बाहेरच्या माणसांकडून करून घेतली जातात, म्हणजे जागेची ओळख ज्यांना सर्वांत कमी त्यांच्याकडून. कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी आता 20 ऐवजी 50 कामगारांपासून लागू होतात, त्यामुळे लहान ठेकेदार त्या चौकटीतून निसटतो. धोका मात्र मूळ मालकाच्या आवारातच राहतो. टाकीत माणूस उतरवण्यापूर्वी आतला प्राणवायू मोजला का, व्हॉल्व्हला कुलूप आणि नावाची चिठ्ठी लावली का, बाहेर दोर धरून कोणी उभा आहे का, या गोष्टी ठेकेदाराच्या भरवशावर सोडता येत नाहीत. म्हणून करारातच त्यांचा खर्च वेगळा लिहिला पाहिजे. सर्वांत कमी बोलीला काम देऊन सुरक्षिततेची अपेक्षा धरली, तर ठेकेदार ती बोली कोठून भरून काढेल हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. हाच तर्क एक पायरी वर न्यावा लागेल. मोठी मोटार कंपनी आपल्या पुरवठादाराकडून दर्जाचे शंभर पुरावे मागते. प्रेसला सेन्सर आहे का, हा एकशे एकावा पुरावा मागायला आणि त्यासाठी किमतीत थोडी जागा द्यायला तिने नकार दिला, तर दोष फक्त लहान मालकाचा राहत नाही.

आणखी एक हरकत खर्चाची; तिला येथे सरळ उत्तर दिले पाहिजे. 15 माणसांचे वर्कशॉप सुरक्षा अधिकारी नेमू शकत नाही, हे मान्य. त्याला वर्षाला बाहेरचा परीक्षकही जड जाईल. पण एमआयडीसीतल्या वीस-पंचवीस वर्कशॉपनी मिळून एक जाणकार माणूस ठेवणे अशक्य नाही. पाणी, रस्ते आणि सांडपाणी यांसाठी औद्योगिक वसाहतींत असे सहकार्य चालतेच. राज्याचे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, शीवचे केंद्रीय श्रम संस्थान आणि 1966 पासून काम करणारी राष्ट्रीय सुरक्षा परिषद हे सारे आपल्या दारात आहे. डोंबिवलीत 26 मे 2016 आणि 23 मे 2024 असे आठ वर्षांच्या अंतराने दोन मोठे स्फोट झाले. दोन्ही वेळा कारखाने हलवण्याची चर्चा झाली, आणि दोन्ही वेळा ज्यांच्या काचा फुटल्या, छपरे उडाली, त्यांत शेजारचे कारखाने आणि दुकानेही होती. शेजाऱ्याच्या रिअॅक्टरचा धोका आपल्या विम्यात नसतो, पण आपल्या भिंतीपर्यंत पोहोचतो. तेव्हा सामायिक तयारीत परोपकार कमी आणि स्वतःचा हिशेब जास्त आहे. उरतो तो खर्च काही लहान मालकांना खरोखरच पेलणार नाही. तेथे सवलतीचे कर्ज किंवा अनुदान मागणे योग्य. नियमातून सूट मागणे अयोग्य.

आतापर्यंत मी स्फोट आणि बोटे यांविषयी बोललो, कारण ती दिसतात. कामामुळे होणारे रोग दिसत नाहीत. खडी फोडणाऱ्या, काच घासणाऱ्या, ओतकामाच्या साच्यांतली वाळू झाडणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात सिलिका साचते आणि सिलिकोसिस बहुधा दहा-वीस वर्षांनी उघडा पडतो. तोवर त्याने तीन ठेकेदार बदललेले असतात. 1995 साली अॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्याच निकालात प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद नोकरीच्या सुरुवातीपासून किमान 40 वर्षे, किंवा निवृत्तीनंतर 15 वर्षे, यांतले जे नंतर येईल तोवर जपण्याचा आदेश दिला. वार्षिक तपासणीची नवी तरतूद या निकालासोबत वाचली पाहिजे. शिबिर भरवून रक्तदाब मोजणे आणि अहवाल फायलीत ठेवणे, असा तिचा अर्थ लावला तर पैसा वाया जाईल. कोणत्या विभागातल्या कामगारांची श्रवणशक्ती घटते आहे, कोणाच्या फुप्फुसाची क्षमता दर वर्षी उतरते आहे, हे एकत्र मांडून पाहिले तर तीच तपासणी कारखान्याच्या धोक्याचा नकाशा देते. निष्कर्ष मात्र कामगाराला कळले पाहिजेत, आणि रोग सापडला म्हणून त्याला घरी बसवले जाणार नाही याची हमी असली पाहिजे. नाहीतर पुढच्या वर्षी तो तपासणीला खोटी माहिती देईल आणि नकाशाच चुकेल.

मग तयारी म्हणजे नेमके काय? प्रत्येक प्रक्रियेचा धोका कामगारांना सोबत घेऊन लिहून काढावा आणि त्यापुढे उपाय, जबाबदार माणूस व तारीख लिहावी. कच्चा माल, यंत्र, पाळी किंवा ठेकेदार यांपैकी काहीही बदलले की ती नोंद पुन्हा तपासावी. 7 मे 2020 च्या पहाटे विशाखापट्टणमजवळ टाळेबंदीनंतर सुरू होऊ पाहणाऱ्या कारखान्यातून स्टायरीनची गळती होऊन 12 माणसे गेली, ती रसायन बराच काळ साठून राहिल्याने आणि त्याचे तापमान वाढल्याने. तेथे यंत्र नवे नव्हते, नियमही नवा नव्हता. परिस्थिती बदलली होती. रात्रपाळीत स्त्रिया येणार असतील तर वाहन, उजेड आणि तक्रारीची सोय पाळी सुरू होण्याआधी उभी राहिली पाहिजे. आणि एका जबाबदार माणसाकडे राजपत्रे वाचण्याचे आणि प्रत्येक नवी तरतूद आपल्या नोंदीतल्या कोणत्या धोक्याला लागू पडते ते दाखवण्याचे काम द्यावे. ज्या तरतुदीसमोर आपल्या नोंदीत काहीच सापडत नाही, तेथे आपल्याला न दिसलेला धोका असण्याची शक्यता आहे. नियमाचा मालकाला सर्वांत मोठा उपयोग होतो तो येथे.

अशी नोंद ठेवणाऱ्या मालकाचे नियमांशी नातेही बदलते. नियमांचे मसुदे प्रसिद्ध करून सरकार हरकती मागवते. त्या काळात उद्योगांच्या संघटनांकडून येणाऱ्या पत्रांचा सूर बहुतेक वेळा मुदतवाढ आणि सूट मागण्याचाच असतो, कारण याहून वेगळे सांगायला त्यांच्या हाती पुरावा नसतो. ज्यांच्याकडे पाच वर्षांच्या टळलेल्या अपघातांच्या, बसवलेल्या सेन्सरच्या आणि घटलेल्या इजांच्या नोंदी आहेत, ते सांगू शकतात की हा नियम अपुरा आहे, हा भलत्या जागी बोट ठेवतो, आणि आमच्या शॉपफ्लोअरवर अमुक उपायाने इजा कमी झाल्या. नियमाला वास्तवाच्या जवळ आणण्याचा याहून चांगला मार्ग नाही. 1884 ते 1923 हे अंतर ज्या समाजाला लाजिरवाणे वाटते, त्या समाजातल्या मालकांनी एवढे करावे, ही अपेक्षा जादा नाही. धोक्याची खबर यंत्रापासून कायद्यापर्यंत पोहोचायला किती वर्षे लागतात, ते बऱ्याच अंशी त्यांच्या रजिस्टरवर अवलंबून आहे.